बैसा

इथल्या रियालात हजार बैसे.
आपलाच पैसा तो, समुद्र ओलांडताना
प चा ब झालेला.
पहिल्या वर्षी वाटायचं, कुणीतरी म्हणतंय,
बैसा, दमला असाल.
बसलो. तिथंच चुकलं.

कार्ड मी मागितलं नव्हतं.
बँकेचा माणूस वादी कबीरच्या गोदामात आला,
कॉम्प्रेसरच्या खोक्यावर फॉर्म ठेवून म्हणाला,
इथे सही, आणि इथे. पेनही त्याचंच.
मग देवरुखला मिक्सर गेला,
मेव्हण्याच्या दुकानाला काचेचं काउंटर,
ओजसला गिअरची सायकल,
जी आमच्या उतारावरून एकदाच गेली
आणि पडवीत टेकून राहिली.
गल्फवाला नाही म्हणत नाही.
त्याच्या जिभेला ते वळणच नसतं.

किमान रक्कम भरा, असं यायचं दरमहा, सभ्य शब्दांत.
मी किमान भरत गेलो
आणि किमान होत गेलो.
पगार यायचा तो ओव्हरड्राफ्टच्या विहिरीत पडायचा,
आवाज यायचा, पाणी दिसायचं नाही.

हॉण्डा रोडवर एका गुरुवारी मशीन नाही म्हणालं.
दोन किलो खजूर आणि एक घड्याळ.
मागे रांगेत बिजू होता, माझ्याच खोलीतला.
तो छताकडे बघू लागला,
तसं दुकानाच्या छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

एकोणीस वर्षं मी स्टोअरकीपर.
एक वॉशर कमी भरला तर रात्रभर रॅक उपसतो.
आवक, जावक, शिल्लक.
त्या रात्री कंपनीचंच एक कोरं स्टॉक रजिस्टर घेतलं
(त्याचे सातशे बैसे नंतर गल्ल्यात भरले)
आणि पहिल्या पानावर वस्तूचं नाव लिहिलं: मी.

तांब्याच्या नळ्यांच्या कात्रीनं कार्ड कापलं.
एका तुकड्यावर शिव राहिला, दुसऱ्यावर गण.

खुबूस शंभर. मसूर चारशे, चार दिवस पुरली.
हमरियापर्यंत चालत: बसचे वाचले दोनशे,
चप्पल झिजली, ते कुठल्या रकान्यात घालू?
केस बिजूनं कापले, एका बाजूला जास्त.
कार्डाचं व्याज जास्त, म्हणून आधी कार्ड,
विहीर नंतर.
रमजानात खालच्या मशिदीत इफ्तारला बसवायचे,
नाव न विचारता.
तीस संध्याकाळी मी जावकीत शून्य लिहिलं
आणि आवकीत काय लिहावं ते कळलं नाही.

मेव्हण्याला नाही म्हटलं.
फोन ठेवल्यावर हात थरथरत होता,
जसं कुणाला मारून आलोय.
दोन गणपती गेले. रजा मंजूर नाही, सांगितलं घरी.
मॅनेजरला शिव्या घातल्या फोनवर,
बिचाऱ्याला, ज्यानं दोन्ही वेळा अर्ज माझ्यापुढे सरकवला होता.

सव्वीस महिने.
काउंटरवरच्या मुलीनं कागद दिला,
०.०००
तीन दशांश स्थळांपर्यंत काही नाही.
ती म्हणाली, तुमचं रेकॉर्ड आता छान आहे,
मर्यादा वाढवून देऊ का?
मी हसलो तर तीही हसली,
तिला वाटलं हो.

बाहेर ऊन होतं, टपरीवर करक चहा घेतला
आणि कुंदाला फोन लावला.
संपलं, म्हटलं.
नोकरी? म्हणाली ती, आवाज खाली घेऊन.
मग सगळंच सांगावं लागलं.
कार्ड, विहीर, खुबूस, कात्री.
ती मध्ये काही बोलली नाही.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली, एक, दोन,
तिनं गॅस बंद केला असावा.
म्हणजे रजा मिळत होती, म्हणाली,
दोन्ही वर्षं.

चहावर साय धरली होती.
शंभर बैसे.
वहीत लिहायचे राहिले होते.